काळ्या रंगाचा रांजण: डोंग हो गावातील एका ऑर्डरचे प्रकरण

पार्श्वभूमी

व्हिएतनामच्या उत्तर भागात, हनोईच्या पूर्वेला तीसेक किलोमीटरवर, डुओंग नदीच्या काठी डोंग हो हे गाव आहे. बाक निन्ह प्रांतातील या गावात लाकडी ठशांनी छापलेली लोकचित्रे शतकानुशतके तयार होत आली आहेत. तेत, म्हणजे चांद्र नववर्ष, जवळ आले की भिंतीवरचे जुने चित्र उतरवून नवे लावायचे, हा त्या प्रदेशातला रिवाज होता. त्यामुळे गावाची वर्षभराची कमाई शेवटच्या चांद्र महिन्यात होत असे आणि त्या महिन्याच्या ६, ११, १६, २१ आणि २६ या तिथींना गावात चित्रांचा बाजार भरत असे. एकेकाळी गावातली १७ कुळे हेच काम करीत, असे सांगितले जाते. पुढे सहकारी संस्थेच्या काळात ही चित्रे समाजवादी देशांत निर्यात होऊ लागली, परंतु १९९० च्या सुमारास ती बाजारपेठ कोसळली आणि बहुतेक घरे मृतांसाठी जाळायच्या कागदी वस्तू बनवण्याकडे वळली. आज छपाईचे काम नियमितपणे करणारी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या बैठकीत युनेस्कोने या कलेची नोंद तातडीच्या संरक्षणाची गरज असलेल्या वारशाच्या यादीत केली, ती याच कारणाने.

प्रस्तुत प्रकरण या गावातील एका कुटुंबाचे आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून वर्ष दिलेले नाही आणि आकडे थोडे गोल केले आहेत. घरात काम करणारी माणसे चार: सत्तरी ओलांडलेले वडील, मुलगा, सून आणि हंगामापुरता मदतीला येणारा एक पुतण्या. ठसे कोरणे आणि रंग तयार करणे वडिलांकडे, हिशेब आणि गिऱ्हाईक मुलाकडे, तर तावांना लेप देण्याचे काम सुनेकडे होते. छपाईला मात्र सगळेच बसत.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हनोईतील एका भेटवस्तू विकणाऱ्या कंपनीने त्यांच्याकडे ३,००० चित्रांची मागणी नोंदवली. कोंबडा कवेत घेतलेला मुलगा, म्हणजे विन्ह होआ, आणि त्याच्या जोडीची बदक घेतलेली मुलगी, म्हणजे फू क्वी, यांचे प्रत्येकी ९०० ताव, अंगावर यिन-यांगची भोवरी असलेल्या डुकराचे ७०० आणि मांजराला नजराणा देत निघालेल्या उंदरांच्या वरातीचे ५०० ताव असे तिचे स्वरूप होते. माल ५ जानेवारीपर्यंत पोहोचवायचा होता. करारात एक ओळ अशी होती की सर्व चित्रे शिंपल्याचा लेप दिलेल्या हातकागदावर आणि नैसर्गिक रंगांत छापलेली असतील. मुलाने तिसरा हिस्सा रक्कम आगाऊ घेतली आणि सही केली. कुटुंबाने एका हंगामात एवढे मोठे काम याआधी कधी घेतले नव्हते.

साहित्य आणि त्याला लागणारा वेळ

पुढे काय घडले ते समजण्यासाठी प्रत्येक साहित्याला किती काळ लागतो हे पाहणे आवश्यक आहे, कारण या धंद्यात पैसे ओतून मिळवता येत नाही अशी गोष्ट वेळ हीच आहे.

कागद झो नावाच्या झाडाच्या सालीपासून बनतो. तो दुसऱ्या गावांतून विकत येतो आणि डोंग होमध्ये त्याला लेप दिला जातो. समुद्री शिंपल्यांची पूड चिकट तांदळाच्या खळीत कालवून पाइनच्या सुयांच्या रुंद कुंच्याने ती तावावर फिरवतात. कुंच्याच्या सुया लेपात बारीक समांतर रेघा सोडत जातात आणि तिरक्या उजेडात कागद मोत्यासारखा चमकतो. खळ कमी पडली तर वाळलेला लेप बोटाला पावडरीसारखा लागतो; जास्त झाली तर ताव ताठ होतो आणि गुंडाळताना लेपाला भेगा पडतात. सून हे प्रमाण मापाने ठरवत नाही. कुंच्यावरून लेप कसा ओघळतो ते पाहून ती ठरवते.

लाल रंग थिएन थाई डोंगरातील लाल खडे कुटून आणि पाण्यात निवळून काढतात. पिवळ्यासाठी होए झाडाच्या कळ्या किंवा अनंताची फळे, निळ्यासाठी नीळ आणि पांढऱ्यासाठी पुन्हा शिंपलाच वापरतात. हे सर्व रंग काही दिवसांत किंवा आठवड्यांत हाती येतात. काळ्याचे तसे नाही. बांबूची गळलेली पाने जाळून, त्यांची पुरती राख होण्याआधीच आग विझवतात आणि राहिलेला कोळसा रांजणात पाण्याखाली ठेवून देतात. काही महिने, शक्य झाल्यास वर्षभर, तो तसाच मुरतो. मुरल्यावर त्याची खर जाते, तो बोटांत लोण्यासारखा लागतो, आणि मग वस्त्रगाळ करून त्यात खळ घालतात.

छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा असतो. रंगाच्या फळीवर कुंच्याने रंग पसरायचा, ठसा त्यावर टेकवून तावावर दाबायचा, आणि मग तावासह ठसा उलटा करून कागदाच्या पाठीवर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी चोळायची. पहिल्यांदा लाल, त्यानंतर इतर रंग आणि सर्वांत शेवटी काळ्या रेषेचा ठसा, असा हा क्रम आहे. काळी रेषा उमटेपर्यंत तावावर नुसते डाग दिसतात. मुलगा कुठे संपतो आणि कोंबडा कुठे सुरू होतो, हे ती रेषाच सांगते.

अडचण

ऑक्टोबर ठरल्याप्रमाणे गेला. उत्तर व्हिएतनाममध्ये हा कोरड्या हवेचा काळ असतो, लेप लवकर वाळतो आणि ताव सरळ राहतात. कंपनीने लाल रंग आपल्या बोधचिन्हाशी जुळवून मागितला होता. वडिलांनी तीन छटांचे नमुने पाठवले, कंपनीने त्यांतील एक मान्य केला आणि तो विषय तिथेच संपला. नोव्हेंबरच्या १२ तारखेपर्यंत २,६०० तावांवर लाल, निळा आणि पिवळा उमटला होता.

त्या दिवशी काळ्याचा रांजण उघडला. वरून तो अर्ध्याहून अधिक भरलेला दिसत होता. परंतु वडिलांनी हात घालून ढवळले तेव्हा तळाशी साका चार बोटेच निघाला, बाकीचे पाणी होते. आदल्या वर्षी वडील आजारी असल्याने नवी पाने जाळली गेली नव्हती. रांजणात होता तो दोन हंगामांपूर्वीचा साठा, आणि त्यातला बराचसा मधल्या किरकोळ विक्रीत खर्च झाला होता. वडिलांच्या अंदाजाने तो १,३०० तावांना पुरणार होता. माल देण्यास ५४ दिवस उरले होते.

या ठिकाणी एक गोष्ट नोंदवावी असे मला वाटते. लाल किंवा पिवळा कमी पडला असता तर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कळले असते. काळा शेवटी लागतो, म्हणून त्याची तूट शेवटी उघड झाली. तोपर्यंत कागद, शिंपला, खळ आणि तीन रंगांची मजुरी तावांवर चढून गेली होती. तयार व्हायला सर्वांत जास्त वेळ घेणारी वस्तू वापरात सर्वांत शेवटी येत असेल, तर तिची मोजदाद कामाच्या क्रमाने करणे घातक ठरते. गेली दोनतीन वर्षे ऑर्डरी लहान असल्याने ही उणीव झाकली गेली होती.

पर्याय

पहिला पर्याय गावातील दुसऱ्या घराकडून मुरलेला काळा घेण्याचा होता. तेतच्या आधी तो कोणाकडेही शिल्लक नसतो. मुलाने दोन ठिकाणी विचारले. एका घराने सभ्यपणे नकार दिला आणि दुसऱ्याने छोटी बरणीभर देऊ केली. ती घेतली असती तर पुढच्या वर्षी उपकार फेडावे लागले असते, म्हणून वडिलांनी ती नाकारली.

दुसरा पर्याय बाजारातली तयार काळी शाई आणण्याचा होता आणि मुलाचा कल त्याकडे होता. त्याचा युक्तिवाद सहज मोडीत काढण्यासारखा नव्हता. तयार शाई म्हणजे काजळी आणि सरस; काजळी कोळशाचीच बहीण आहे, मग ही शाई अनैसर्गिक कशी, असे तो विचारत होता. शिवाय गावात बाजारचे रंग वापरणे नवे नाही, गेल्या काही दशकांत अनेकांनी ते वापरले आहेत. वडिलांचा आक्षेप शाई कशाची बनली आहे याला नव्हताच. ती या लेपावर कशी बसेल, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

तिसरा पर्याय नवी पाने ताबडतोब जाळून, जेवढे दिवस मिळतील तेवढेच मुरवून कच्चा काळा वापरण्याचा होता. कच्चा कोळसा खरखरीत असतो. तो बारीक रेषांच्या खाचांत अडकतो आणि छाप दाणेदार येतो. त्याहून लपलेला धोका राखेचा. कोळशाबरोबर आलेल्या राखेतील क्षार धुऊन गेले नाहीत, तर रेषेलगतचा वनस्पतींपासून काढलेला पिवळा रंग बदलतो. लाल खड्यांचा असल्याने त्याला भीती नव्हती. पतंग नावाच्या झाडाच्या लाकडापासून काढलेला लाल असता तर तोही जांभळट झाला असता.

चौथा पर्याय कंपनीला खरे सांगून संख्या किंवा मुदत बदलून घेण्याचा होता. कराराने बांधलेल्या माणसाला तो सर्वांत आधी सुचायला हवा होता, पण घरात त्याचा उच्चार सर्वांत शेवटी झाला.

पहिला निर्णय: शाईची चाचणी

मुलाने १४ नोव्हेंबरला तयार शाई आणली आणि विन्ह होआचे १५० ताव छापले. वडिलांचा विरोध होता, पण चाचणी करण्यास त्यांनी संमती दिली. चाचणीसाठी १५० ताव का, २० का नाहीत, याचे पटणारे उत्तर मला कोणाकडूनही मिळाले नाही. मुलाच्या मनात ती बहुधा चाचणी नव्हतीच. कामाची सुरुवात होती.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. ओल्या तावावर रेषा ठीक वाटल्या होत्या, पण वाळल्यावर तीन दोष पुढे आले. शाई पातळ असल्याने शिंपल्याच्या सच्छिद्र लेपात ती फुटली आणि मुलाच्या बोटांमधल्या रेषा एकमेकींत मिसळल्या. कुंच्याने सोडलेल्या रेघांच्या दिशेने ती जास्त फुटली, म्हणून आडव्या आणि उभ्या रेषांची जाडी वेगवेगळी झाली. आणि सरसामुळे काळ्याला चकाकी आली. मुरलेला बांबूचा काळा मखमलीसारखा निस्तेज असतो, तो चमकणाऱ्या कागदाच्या उलट बाजूला उभा राहतो. इथे कागदही चमकत होता आणि रेषाही.

शाईत खळ घालून ती घट्ट करण्याचा प्रयोग आणखी १० तावांवर झाला. फुटणे कमी झाले, चकाकी राहिली. मुलाने त्यावर हट्ट धरला नाही. वडिलांनीही काही ऐकवले नाही, असे सुनेने आवर्जून सांगितले.

दुसरा निर्णय: काळ्याची वाटणी

या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग इथे आहे, आणि तो सुनेच्या एका प्रश्नातून निघाला. चारही चित्रांना सारख्याच बारीक काळ्याची गरज आहे का, असे तिने विचारले.

तोवर सगळे जण काळ्याची मोजदाद तावांच्या संख्येवर करीत होते. वडिलांनी चारही रेषांचे ठसे मांडून बसवले आणि ते खाचा-उंचवट्यांच्या हिशेबाने पाहिले. उंदरांच्या वरातीचा ठसा सर्वांत दाट होता: वाजंत्री, पालखी, निशाणे, वर लिहिलेली चिनी अक्षरे. तिथे दाणेदार काळा चालणारच नव्हता. विन्ह होआ आणि फू क्वीमध्ये चेहरे आणि बोटे नाजूक, बाकीच्या रेषा मध्यम. डुकराच्या ठशात मात्र रेषा जाड आणि मोकळ्या होत्या. तिथे थोडा दाणा दिसला तरी तो जुन्या छापांतल्या खडबडीतपणासारखाच वाटला असता.

त्यानुसार वाटणी ठरली. मुरलेल्या काळ्यापैकी ५०० तावांना पुरेल एवढा भाग शुद्ध स्वरूपात वरातीसाठी राखून ठेवायचा. उरलेला, म्हणजे ८०० तावांना पुरणारा, कच्च्या काळ्यात निम्मे-निम्मे मिसळून त्यातून विन्ह होआ आणि फू क्वीचे १,६०० ताव काढायचे. डुकराचे ७०० ताव पूर्णपणे कच्च्या काळ्यावर छापायचे. एकूण २,८००.

पाने १८ नोव्हेंबरला जाळली. कोळसा दगडी वरवंट्याने वाटला, तीन आठवडे भिजत ठेवला, रोज वरचे पाणी ओतून नवे घातले, आणि शेवटी दोनदा वस्त्रगाळ केला. रोज पाणी बदलण्याचा उद्देश क्षार धुण्याचा होता. मुरवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत रांजण असा रोज उपसत नाहीत, कारण तिथे वेळ हाताशी असतो.

तिसरा निर्णय: कंपनीला सांगणे

वाटणी ठरल्यावरच, २१ नोव्हेंबरला, मुलाने कंपनीला फोन केला. त्याने संख्या २,७०० वर आणण्याची विनंती केली आणि डुकराच्या चित्रांतील काळा कमी मुरलेला असेल हेही सांगितले. कंपनीने संख्या मान्य केली. काळा मुरलेला आहे की कच्चा याविषयी त्यांनी एकच प्रश्न विचारला: तो नैसर्गिक आहे ना. तो नैसर्गिकच होता, त्यामुळे करारातील ओळ शाबूत राहिली. शाईच्या चाचणीचा उल्लेख मुलाने केला नाही, आणि ते ताव पाठवायचे नसल्याने मला ते गैर वाटत नाही.

निष्पत्ती

काळ्याची छपाई १२ डिसेंबरला सुरू झाली. वरातीचे ताव निर्दोष उतरले. मिश्र काळ्याचे छाप सुरुवातीला फिकट येत होते. वडिलांनी खळ किंचित वाढवल्यावर ते सुधारले. डिसेंबरच्या मध्यानंतर रिमझिम आणि दमट हवा आली, ताव वाळेनात आणि तीन दिवस छपाई थांबवावी लागली. ओलसर गठ्ठा बांधला तर खळीवर बुरशी येते, म्हणून सुनेने प्रत्येक ताव दोरीवर वेगळा लटकवला, आणि त्यासाठी झोपण्याची खोलीही रिकामी केली.

सदोष ताव बाजूला काढून ४ जानेवारीला २,६८० चित्रे हनोईला पोहोचली. दोन आठवड्यांनी डुकराचे ९० ताव परत आले. त्यांच्यावरचा काळा वरच्या पातळ कागदाला पुसला जात होता. कारण उघड होते: मिश्र काळ्यात वाढवलेली खळ शुद्ध कच्च्या काळ्यात वाढवलीच गेली नव्हती. कच्चा कोळसा दाणेदार असल्याने त्याला धरून ठेवायला उलट जास्त खळ लागते. परत आलेल्या मालाची रक्कम कापली गेली आणि नफा निम्म्यावर आला, पण तोटा झाला नाही. कंपनीने पुढच्या वर्षीही विचारणा केली.

वेगळे काय करता आले असते

सहीच्या आधी रांजण ढवळून पाहिला असता तर हे प्रकरण घडलेच नसते. तरीही मुलाला दोष देणे सोपे आहे आणि फारसे उपयोगाचे नाही. रांजण वडिलांचा आणि करार मुलाचा, अशी कामाची विभागणी असलेल्या घरात तो ढवळायचा कोणी, हे ठरलेलेच नव्हते. आता सही करण्यापूर्वी दोघे मिळून साठा पाहतात, आणि पाण्याची पातळी न पाहता साका काठीने मोजतात.

कंपनीला १२ नोव्हेंबरलाच सांगायला हवे होते का, याविषयी माझे मत घरच्यांपेक्षा वेगळे आहे. मुलाचे म्हणणे असे की तोडगा हातात नसताना गिऱ्हाइकाला घाबरवण्यात अर्थ नव्हता. मला मात्र वाटते की नऊ दिवस आधी सांगितले असते, तर डुकराच्या चित्रांची संख्या वाढवून वरातीची कमी करण्याचा पर्याय खुला राहिला असता आणि मुरलेल्या काळ्याचा थोडा भाग डुकराच्या तावांनाही मिळाला असता. तसे झाले असते तर ते ९० ताव कदाचित परत आले नसते.

तिसरी गोष्ट चाचणीच्या आकाराची. २० ताव पुरले असते, आणि त्यांतले पाच तरी घडी करून, पातळ कागदात गुंडाळून आठवडाभर ठेवायला हवे होते. शाईच्या बाबतीत रेषा पाहिल्या गेल्या, कच्च्या काळ्याच्या बाबतीतही रेषाच पाहिल्या गेल्या. चित्र गिऱ्हाइकाकडे बांधून जाते, ही गोष्ट दोन्ही वेळा निसटली.

कुटुंबाने आता दरवर्षी हिवाळ्यात दोन रांजण भरायचे ठरवले आहे, आणि त्यांच्यावर खडूने महिना लिहिलेला असतो. त्या १५० तावांबद्दल मात्र वाद राहिला. ते पर्यटकांना स्वस्तात विकावेत असे मुलाचे मत होते, आणि वडिलांनी त्याला ठाम नकार दिला. शेवटी त्यांतला एक ताव मुरलेल्या काळ्याच्या तावाशेजारी दुकानाच्या भिंतीवर लावला, म्हणजे येणाऱ्याला फरक दाखवता येईल. सून सांगते की शहरातून येणाऱ्यांपैकी बरेच जण चकाकणाऱ्याकडे बोट दाखवून त्याचीच किंमत विचारतात.